सारंगकाकांच्या खिडकीची जाळी

शर्टाचं वरचं बटण लावून सारंगकाका माझ्यासमोर उभे राहिले, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वॉच तुमच्याकडे." तो वॉच मी नीट केला नाही. एवढंच नाही, तर माझ्या चुकीचा दोष मी त्यांच्या अंगावर ढकलला आणि त्यांनी तो गुपचूप घेतला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मला भला माणूस समजाल.

आता ते नाहीत. हातखंब्याच्या नाक्यावर तुमचं कधी येणं-जाणं असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. उंच, वाकलेले, पांढरा हाफ शर्ट, आणि चालताना दोन पायांत जरा जास्तच अंतर. सारी हयात व्यापारी जहाजांवर काढली. खलाशी म्हणून चढले आणि डेकवरच्या माणसांचे मुकादम, म्हणजे सारंग होऊन उतरले. म्हणून सगळे त्यांना सारंगकाका म्हणायचे. जहाजावर पहारा बदलताना एकाने दुसऱ्याला सांगायचं असतं, की आता जबाबदारी तुझी. ती सवय जमिनीवर आली तरी सुटली नाही. चहा पिऊन टपरीवरून उठताना चहावाल्याला, एसटीतून उतरताना कंडक्टरला, बँकेतून निघताना दारावरच्या सुरक्षारक्षकाला, सगळ्यांना आधी वरचं बटण लावून सांगायचे, "वॉच तुमच्याकडे." बँकेचा तो रक्षक तर पुढे पुढे टाचा जुळवून "होय सारंग!" म्हणायला लागला होता. दोघंही अजिबात हसायचे नाहीत.

माझं तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि डासांच्या जाळ्यांचं दुकान आहे. एक दिवस ते एक जुनी मिनीबस घेऊन दारात आले. कधीकाळी शाळेची असावी, कारण निळ्या रंगाखालून जागोजागी पिवळा डोकावत होता. आत बाकडी काढून एक बिछाना, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भिंतीला लागून घडी होणारं टेबल. अशा गाड्यांना हल्ली कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि पुण्या-मुंबईची हौशी माणसं त्या घेऊन किनाऱ्याने फिरतात. पण काका फिरणार नव्हते. त्यांना त्यात राहायचं होतं.

"घर नाही का काका?"

"आहे की. राजापूरला. भाऊ आहे, वहिनी आहे, माझी खोली आहे. पण खोली हलत नाय ओ."

मला कळलं नाही.

"जमिनीवरची खोली मेलेली असते. बायको होती तोवर ती कूस बदलायची, तेवढं तरी हलायचं. आता रात्रभर डोळे उघडे. ही बघा, वारा आला की जरा डुलते." असं म्हणून त्यांनी गाडीला खांद्याने हलकेच धक्का दिला. गाडी कुरकुरली. काका समाधानाने माझ्याकडे बघत राहिले, जणू म्हैस दाखवायला आणली होती आणि तिने वेळेवर शेपटी हलवली होती.

गाडी उभी राहणार होती खाडीच्या वरच्या अंगाला, एका ओळखीच्या माणसाच्या माडांच्या वाडीत. समोर पाणी, बाजूला कांदळवन. खिडक्यांना जाळ्या हव्या होत्या. बिछान्याच्या समोर त्यांनी आणखी एक छोटा बिछाना ठोकून घेतला होता, खिडकीच्या अगदी कडेला. तो कोणासाठी, असं मी विचारलं नाही. पण ते सांगायलाच बसले होते.

"नातीसाठी. सात वर्षांची आहे. पुण्याला असते. दिवाळीच्या सुट्टीत एक रात्र येणार आहे. एकटी! मंजू म्हणाली, बरं, एक रात्र ठेवते तुमच्याकडे."

मंजू म्हणजे त्यांची मुलगी. ती जन्मली तेव्हा काका कुठल्यातरी परक्या बंदरात होते. तिला गोवर आला तेव्हा समुद्रात. तिचं लग्न ठरलं, तेही त्यांना बोटीवर कळलं. "मी पैसे पाठवणारा माणूस होतो," ते म्हणाले. "बाप तिची आईच होती. मंजू तसं बोलून दाखवत नाही. पण पोर माझ्याकडे द्यायला तिला सात वर्षं लागली, यावरून समजा."

मग त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "एक मात्र आहे हां. तिकडे चिलटं असतात. डास नव्हे, चिलटं. तिन्हीसांजेला येतात. दिसत नाहीत, आवाज नाही, चावली की कळतं. डासाची जाळी म्हणजे त्यांना सताड उघडा दरवाजा. बारीक जाळी लावा."

बारीक विणीची जाळी माझ्याकडे नव्हती. कोल्हापूरहून मागवावी लागे आणि तिथला व्यापारी म्हणाला, आता दिवाळीनंतर. मी काकांना तसं सांगू शकलो असतो. पण दुकानात त्या दिवशी आणखी दोन गिऱ्हाईकं बसलेली होती आणि नाही म्हणणं माझ्या जिवावर यायचं. मी म्हणालो, "काका, निर्धास्त राहा. इतकी वर्षं जाळ्या लावतोय. माझ्या जाळीतून वारा सोडून काही आत येणार नाही."

"तुम्ही म्हणता ना? मग झालं." बटण, किल्ली, आणि ते वाक्य.

मी नेहमीचीच जाळी ताणून बसवली. चौकटीच्या खाचेत रबर दाबताना माझा हात चालतो छान. काम देखणं झालं. संध्याकाळी दुकानासमोर गाडीत दिवा लावून, काचा सरकवून, काकांना आत बसवून दाखवलं. एक किडा आत आला नाही. येणार कुठून? हातखंबा आमचा वर सड्यावर, म्हणजे पठारावर. तिथे उघड्या कातळावर वारा असा, की चिलट टिकतच नाही. चिलटं खाली खाडीत, चिखलात, कांदळात. सड्यावर ती जाळी तपासणं म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहून मला पोहता येतं म्हणण्यासारखं.

मला हे माहीत नव्हतं, असंही नाही. बायकोचं माहेर खाडीवरचं. घरी जेवताना मी कौतुकाने सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आमच्याकडे चिलटं साडीतून चावतात. तुमची जाळी बघून हसतील ती."

"हसू देत," मी म्हणालो आणि भात मागितला.

दिवाळी झाली आणि दोन-तीन दिवसांत काका गाडी घेऊन आले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल ठिपके, मानेवरही. पण ते स्वतःबद्दल काही बोलले नाहीत.

झालं होतं ते असं. मंजूताई पोरीला सोडून रत्नागिरीत मैत्रिणीकडे गेल्या. नात खूश होती. दोघांनी शंख गोळा केले, तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण खाल्लं. तिन्हीसांजेला पोर काळोखाला बिचकली, म्हणून काकांनी आत दिवा लावला आणि वाऱ्यासाठी काचा सरकवून जाळ्यांच्या भरवशावर खिडक्या मोकळ्या ठेवल्या. दिव्याला भुलून चिलटं आली. पोर अंग खाजवायला लागली, तेव्हा त्यांनी काचा लावल्या. पण तोवर आत यायची तेवढी आली होती. रात्रभर ते टॉवेलने वारा घालत तिच्याजवळ बसले. सकाळी तिचा एक डोळा सुजून मिटला होता. आई आली, पोरीला उचललं, डॉक्टरांना दाखवलं आणि तशीच पुण्याला गेली.

"तुम्ही जरा बघता का," काका म्हणाले, "जाळी कुठे सुटलीय का?"

मी बघायचं नाटक केलं. छोट्या बिछान्याशेजारच्या चौकटीत, आतल्या बाजूला, रवाळ काळी पूड पडली होती. बोट लावलं तेव्हा कळलं, की मेलेली चिलटं आहेत. जाळीच्या एकेका भोकातून अशी दोन-दोन शेजारी शेजारी गेली असती.

तेव्हा, त्या क्षणी, मी बोलायला हवं होतं. मी बोललो, पण हे: "जाळी ठीक आहे काका. दार उघडं राहिलं असेल तुमच्याकडून."

ते बराच वेळ गाडीच्या दाराकडे बघत राहिले. एकेक गोष्ट आठवून बघत असावेत. "मी लावलं होतं," ते हळू म्हणाले. मग, "लावलं होतं असं वाटतं." मग, "ती शंख धुवायला उतरली होती. तेव्हा राहिलं असेल. तुम्ही म्हणता तर असेल."

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू. "मंजू, दार मीच उघडं ठेवलं होतं गं. माझं लक्ष राहिलं नाही."

पलीकडून आवाज आला. रागाचा नव्हता, दमलेला होता. "ठाऊक होतं मला, बाबा. तुम्हाला माणसांवर लक्ष ठेवता येतच नाही. कधी ठेवलंत?"

मी चौकटीचे स्क्रू गोळा करत होतो. एकही खाली पडला नव्हता, तरी मी वाकून शोधत राहिलो.

जाताना काकांनी किल्ली उचलली. वरचं बटण उघडं होतं. "येतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. बँकेचा तो रक्षक एकदा मला म्हणाला, "काय ओ, सारंग आमच्यावर रागावले काय? मी टाचा जुळवतो आणि ते तसेच निघून जातात."

मे महिन्यात त्या बाजूला एका बंगल्याचं काम निघालं, म्हणून वाडीत डोकावलो. भर दुपारी, घामाच्या धारा लागलेल्या असताना, गाडीच्या सगळ्या काचा बंद. मला वाटलं, काका बाहेर गेलेत. जवळ गेलो तर आत बसलेले. काचेमागे, बनियनवर, ओलेचिंब. समोर तो छोटा बिछाना, त्यावर चादर नीट घातलेली आणि उशीजवळ शंखांची ओळ. मी काच वाजवली. त्यांनी आधी बोट दाखवून मला मागे सरायला सांगितलं, दार हातभर उघडलं, अंग चोरून बाहेर आले आणि लगेच लावलं. लावलेलं दार पुन्हा ओढून बघितलं.

"काचा तरी उघडा काका. जीव जाईल."

"नको. माझ्याकडून राहतं उघडं."

त्या आठवड्यात मी बारीक जाळी मागवली आणि वाडीत जाऊन स्वतः बसवली. नवीन माल आलाय, तुमच्या गाडीवर बघतो कसा दिसतो, असं सांगितलं. तेवढं धैर्य होतं माझ्यात, दुसरं खोटं बोलण्याचं. काकांनी मला शहाळं सोलून दिलं. "तुम्ही किती करता माझ्यासाठी," म्हणाले. ते शहाळं मी पूर्ण प्यायलो. लोक समजतात, अपराधी माणसाच्या घशाखाली काही उतरत नाही. उतरतं.

पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि भाऊ त्यांना राजापूरला घेऊन गेला. बसही तिकडेच नेली. मी जायचं ठरवत होतो आणि टाळत होतो. भाताची कापणी सुरू झाली तेव्हा गेलो एकदाचा. बस अंगणाच्या कडेला उभी होती, टपावर पडवळाचा वेल चढलेला. भाऊ ओटीवरच भेटले. चेष्टेखोर माणूस. "या, या! आमच्याकडे चोर यायचा नाय बघा आता. आमचा सारंग दर घटकेला उठून दार लावलंय काय ते बघतो. मी म्हणतो, मेल्या, दाराची कडी झिजली!" आतून वहिनी म्हणाल्या, "हसू नका ओ. लावलेलं असतं, तरी उठतात. मग माझ्याकडे बघून विचारतात, लावलंय ना?"

मी आत गेलो. न हलणाऱ्या त्या खोलीत काका भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, हे मला सहन झालं नाही. मी स्टुलावर न बसता खाली बसलो आणि एका दमात सांगितलं. जाळी मोठ्या भोकांची होती. बारीक मिळाली नव्हती. तुम्ही बजावलं होतंत. चौकटीत मेलेली चिलटं मी डोळ्यांनी पाहिली होती. आणि तरी तुमच्यावर ढकललं.

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडावेत, अशीच माझी इच्छा होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर बघत विचारलं, "म्हणजे दार बंद होतं?"

"होय काका."

"मी लावलं होतं?"

"तुम्ही लावलं होतं. चिलटं जाळीतून आली."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. ती संध्याकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजत असावेत, पोरीला आत घेतलं इथपासून. मग उशीखालून फोन काढून माझ्यापुढे धरला. "मंजूला सांगा."

एका शब्दाचाही राग नाही. फक्त एवढं काम.

मी फोन लावला. स्पीकर चालूच होता. मंजूताईंनी "बाबा?" म्हटलं आणि मी माझं नाव सांगितलं. "ताई, त्या संध्याकाळी तुमच्या बाबांनी दार लावलेलं होतं. खिडकीची जाळी चुकीची होती आणि ती मी लावली होती. त्यांनी मला आधी बजावलं होतं. मी ऐकलं नाही आणि नंतर खोटं बोललो. त्यांचं लक्ष होतं, ताई. रात्रभर होतं. चूक माझी आहे. तुम्ही मला माफ करा. काका, तुम्हीही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बंद केला.

"बाबांकडे द्या फोन," मंजूताई म्हणाल्या.

मी फोन पुढे केला. काकांनी लगेच घेतला नाही. त्यांनी आधी शर्टाचं वरचं बटण लावलं.