दत्तोपंतांच्या जळणवड्या

तंबूत चार महिने काढले की मोजणीच्या नकाशांपेक्षा किस्सेच जास्त गोळा होतात. आमच्या कॅम्पवरचे निम्मे तर एकट्या दत्तोपंतांचे!

दत्तोपंत आमच्या मोजणी खात्यातले हंगामी कारकून. घरी पाच खाणारी तोंडं, आणि नोकरी आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. त्यात साहेबांनी फर्मावलं, "कॅम्पच्या चुलीसाठी झाडाची एक फांदीही तोडायची नाही!" साहेबांची मर्जी राखायची म्हणून दत्तोपंतांनी शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा आणि ऑफिसच्या रद्दीचा लगदा कालवून वड्या थापल्या, उन्हात वाळवल्या आणि बिस्किटाच्या डब्यात भरल्या. कॅम्प हलला की डबा त्यांच्या काखेत.

*

पहिला प्रयोग कुंभारीला. वड्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. असा धूर झाला की साहेब डोळे पुसत तंबूबाहेर आले.

"दत्तोपंत, आग लागलीय का?"

"लागत नाहीये साहेब, तीच तर पंचाईत आहे!"

त्या दिवशी दत्तोपंतांना जेवण गेलं नाही.

*

मोडनिंबला अवकाळी पावसानं विकत घेतलेलं सरपण भिजून चिंब. पाहुणे आलेले, चहा हवा! दत्तोपंतांची वडी एका काडीत पेटली. साहेब चुलीपाशी आले.

"या वड्या कुणी केल्या?"

दत्तोपंतांनी डबा पाठीमागे दडवला. "मी नाही, साहेब!"

*

टेंभुर्णीला दूध घालायला एक शेतकरीण यायची. दत्तोपंतांनी तिला वडी दाखवली, कशी केली ते सगळं सांगितलं. बाईनं ती उलटसुलट करून बघितली.

"ही गवरीच हाय की! फकस्त शिकलेली दिसती!"

आम्ही पोट धरून हसलो. दत्तोपंतांना मात्र वेगळीच धास्ती. "हे साहेबांच्या कानावर जाईल का हो?"

*

हंगाम संपत आला. दत्तोपंतांना कायम करणार की कमी करणार, याचा हुकूम सोलापूरच्या ऑफिसातून यायचा होता. टपालवाला दिसला की ते उठून वड्या थापायला जायचे. हात कामात असले की जरा बरं वाटतं म्हणायचे.

एका सकाळी हेडक्लार्क अण्णा सोलापूरहून आदल्या दिवशी टपालासोबत आलेली यादी ताडून बघत होते. एका ओळीवर थांबले. "दत्तोपंतांच्या नेमणुकीबाबत हुकूम, एक."

यादीत हुकूम होता, टेबलावर नव्हता! वाऱ्यानं उडून तो रद्दीच्या टोपलीत पडला, आणि टोपली दत्तोपंतांनी स्वतःच्या हातानं लगद्यात रिकामी केली होती.

आम्ही सगळे ओल्या वड्या फोडायला बसलो. आचारी रामानं कडेच्या चार वाळल्या म्हणून सकाळच्या चहाला जाळल्याही होत्या.

अखेर दोन चिटोरी सापडली. एकावर दत्तोपंतांचं नाव. दुसऱ्यावर, "करण्यात येत आहे."

कायम करण्यात येत आहे, की कमी? तो शब्द काही कुठल्याच वडीत मिळाला नाही.

शेवटी रामाच म्हणाला, "सोलापूरला इचारा की पंत! एक कारड टाका, लगी कळंल."

दत्तोपंत ताडकन उठले. दोन्ही चिटोरी त्यांनी मुठीत गच्च धरली.

"खबरदार कुणी विचाराल तर! विचारलं तर सांगतील!"