गोठ्यावरचा ठिपका

नकाशावर ठिपका मांडायला काय अक्कल लागते, असं मला नोकरी लागेपर्यंत वाटायचं. बोट टेकवलं की ठिपका. पण आमच्या ठिपक्याखाली गाव असतं, गावाला तोंडं असतात आणि प्रत्येक तोंडाला त्या ठिपक्याबद्दल काहीतरी सांगायचं असतं. त्यामुळे काम पुढे सरको न सरको, किस्से मात्र साठत जातात. सणाला उचगावला घरी गेले की भावंडं म्हणतात, "तुझं ते नकाशाचं सांग की." मग मी सांगत बसते आणि आई चहा परत गरम करत बसते.

आमचं काम साधं आहे. बेळगावपासून निपाणीपर्यंत आणि खाली खानापुरात कायद्यानं संरक्षित अशा ज्या जुन्या वास्तू आहेत, त्यांची जागा आणि हद्द खुल्या नकाशावर मांडायची. कुणीही मोबाईल उघडून बघावं. हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, म्हणून तेवढ्या भागाभोवती लाल गोल. गोलाबाहेर परवानगी काढून बांधता येतं.

आम्ही तिघं. मगदूम सर निपाणीकडचे, भूगोलाचे निवृत्त मास्तर. चिडले की कानडीत बोलतात, खुशीत असले की मराठीत, आणि वरच्या ऑफिसशी इंग्रजीत. सुनील खानापूरकडचा, कॅमेरा, टेप आणि जीप त्याच्या ताब्यात. कॉम्प्युटर माझ्याकडे.

आम्ही यायच्या आधी कुणीतरी एकदा हे काम करून गेलं होतं. पहिल्याच दिवशी मी तो जुना नकाशा उघडला तर काहीतरी खटकलं. देऊळ रस्त्यावर, विहीर रस्त्यावर, समाधी पण रस्त्यावर. सर चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि मग हसायलाच लागले.

झालं होतं असं, की आधीचे लोक प्रत्येक गावात जाऊन 'ही वास्तू संरक्षित आहे' असा जो निळा बोर्ड असतो, त्याच्याखाली उभं राहून लोकेशन घेऊन आले होते. आणि बोर्ड कुठं लावतात? चार लोकांना दिसेल तिथं, म्हणजे बसथांब्यावर. आमच्या जिल्ह्याचा निम्मा वारसा बसची वाट बघत उभा होता.

*

याच भानगडीतून चौगुले आक्कांचा फोन आला. निपाणीच्या पुढे एक गाव आहे. तिथलं महादेवाचं जुनं दगडी देऊळ गावाबाहेर, पण बोर्ड मात्र थांब्याजवळ, आक्कांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून. त्यामुळे नकाशात त्यांचा गोठाच संरक्षित झाला आणि राहतं घर लाल गोलात गेलं.

आक्का धर्मानं जैन, विधवा बाई. तंबाखूचं थोडं रान, एक मुलगा. मुलाचं लग्न ठरलेलं. घराला लागून एक खोली बांधायची तर पंचायतीनं मोबाईल उघडून दाखवला आणि अर्जाचा कागद परत दिला.

"सर, सून येणार हाय," त्या फोनवर म्हणाल्या. "एक माजघर आन् एक सोपा. तिला काय म्हशीसंगं झोपवू?"

सरांनी त्यांना सांगितलं की चूक आमच्या लोकांची आहे, ठिपका हलवू. पण हलवायला वरून मंजुरी लागते, थोडा दम धरा. आक्कांनी दम धरला, पण फोन सोडला नाही. आठवड्याला एक ठरलेला. आधी विचारायच्या, "जेवलासा काय?" आणि मग, "माझा ठिपका हालला का?"

त्यांच्याकडे पाहुणे पण यायचे. मोबाईलवर बघत बघत पुण्याचं एक कुटुंब थेट गोठ्यात शिरलं. त्यातल्या बाईंनी छताच्या वाशांवरून हात फिरवला आणि विचारलं, "किती जुना असेल हो?"

"माझ्या सासऱ्यानं बांधलाय," आक्का म्हणाल्या.

"अजून वंशज राहतात इथं!" असं म्हणून त्या मंडळींनी म्हशीसकट फोटो काढले. आक्कांनी त्यांना ताक पाजलं आणि खऱ्या देवळाची वाट दाखवली. ऊन फार आहे म्हणून ते तिकडे गेलेच नाहीत.

*

बेळगावात एका जुन्या गल्लीत एक संरक्षित विहीर आहे. तिची हद्द मोजायला आम्ही सकाळी जाऊन पोचलो. सुनीलनं कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं, टेप सोडली, मी वहीत लिहायला लागले.

बेळगावात रस्त्यावर टेप दिसली की तिचा अर्थ एकच असतो, रस्ता रुंद होणार. समोरच्या किराणावाल्यानं आमच्याकडे बघितलं आणि दुकानाबाहेरची पोती आत ओढली. त्याचं बघून शेजारच्यानं पत्र्याचं छप्पर उतरवलं. मग भांडेवाला, मग झेरॉक्सवाला. बघता बघता गल्ली अशी मोकळी झाली की दुसऱ्या टोकाचं पिंपळाचं झाड दिसायला लागलं. विहिरीचं तोंड, तिची कमान, सगळं स्वच्छ समोर आलं. सुनीलनं मनसोक्त फोटो काढले.

शेवटी किराणावाला धीर करून आला. "साहेब, किती फूट जातंय?"

"काय जात न्हाई. विहीर मोजतोय," सर म्हणाले.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग छप्पर परत लावू?"

"लावा की," सर म्हणाले, "पर जेवून लावा. आमचे थोडे फोटो ऱ्हायलेत."

*

दुसऱ्यांना हसलो त्याची फेड लोंढ्याला झाली. तिकडच्या जंगलात एक लहानसं शिवालय आहे. रेंज अजिबात नाही. सुनील एकटाच चालत गेला, फोटो काढले, जळवा झटकत परत आला. सगळी माहिती मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये भरलेली होती. रेंज आली की ती आपोआप वर जायची. रेंज आली ती लोंढा स्टेशनवर, सुनील वडा खात असताना. आणि आमचं ते शहाणं अ‍ॅप फोटो जिथून वर जातील तिथलं लोकेशन धरायचं.

दुसऱ्या दिवशी मी नकाशा उघडला तर शिवालय प्लॅटफॉर्मवर.

सरांनी सुनीलला शांतपणे बोलावलं. "देवाला अभिषेक गाडी आल्यावर असतोय का गेल्यावर?"

सुनीलला परत जंगलात जावं लागलं. यावेळी त्यानं लोकेशन हातानं कागदावर उतरवून आणलं आणि जळवांना लावायला तंबाखूची पुडी पण नेली.

*

सीमाभागात वास्तूपेक्षा तिच्या नावाची हद्द अवघड. एका गावात आम्ही जाऊन उतरलो तर दोन आजोबा आधीच पारावर बसलेले. एकाचं म्हणणं, नकाशात नाव मराठीत पहिलं पाहिजे. दुसऱ्याचं, कानडीत पहिलं. दोघंही एकाच घरातून आणलेल्या चहाच्या कपातून पीत भांडत होते.

सर म्हणाले, "नावाचं मागनं बघू. आदी हद्द दावा." दोघं उठले आणि आम्हाला हद्द दाखवायला घेऊन गेले. एक म्हणाला चिंचेपर्यंत, दुसरा म्हणाला, व्हय, चिंचेपर्यंतच. कोपऱ्यात कुणीतरी उकिरडा टाकला होता, त्यावर दोघांनी मिळून एकाच माणसाला शिव्या घातल्या. तो माणूस दोघांचा भाचा निघाला. एकाचा सख्खा, दुसऱ्याचा मानलेला.

मग साक्षीदार म्हणून सह्या. मराठीवाल्या आजोबांनी वळणदार कानडीत सही केली. त्यांची शाळा कानडी. कानडीवाल्यांनी मराठीत केली. ते निपाणीत मामाकडे राहून शिकलेले. दोघांनी एकमेकांच्या सहीकडे बघितलं आणि दोघंही खाली बघायला लागले.

"आयतु, झालं तर," सर म्हणाले. "दोनी नावं शेजारी शेजारी लिवतो."

त्या गावातून आजपर्यंत तक्रार आलेली नाही. उकिरडाही हलला, असं सुनील सांगतो.

*

माझ्या आजोळी देवळासमोर एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. भाचीच्या ऑफिसची माणसं फोटो काढायला येणार म्हणून मामानं त्याला आदल्या दिवशी ऑइल पेंट मारला. घोडा पिस्ता रंगाचा, वीर गुलाबी, वरचा चंद्र चंदेरी.

"उरलेला हुता लग्नातला," मामा कौतुकानं म्हणाला. "तुजी इज्जत हाय म्हटलं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सरांनी दगडाला एक चक्कर मारली आणि मामाला म्हणाले, "पाहुणं, माया दिसतीया. पर आता ह्याला परत रंग नको. ह्यो म्हातारा हाय, त्याला साधंच शोभतंय."

रंग काढायला तज्ज्ञ माणूस आला तेव्हा मामा रोज त्याच्याजवळ स्टूल टाकून बसला. आता कुणी त्या दगडाला हळद लावायला आलं तरी मामा लांबूनच ओरडतो. गावात त्याला सगळे टरकून असतात.

*

एके दिवशी मंजुरी आली. मी आक्कांचा ठिपका गोठ्यावरून उचलला आणि गावाबाहेर देवळावर ठेवला. फोन लावला आणि त्यांनी जेवणाचं विचारायच्या आत सांगून टाकलं, "आक्का, हालला!" पलीकडे त्यांनी आधी मुलाला हाक मारून तेच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "गोडाचं जेवण करते. तुमी येताय न्हवं मोजायला?"

ठिपका हलला तरी गोलाची कड जागेवर जाऊन पक्की करायची असते. आम्ही गेलो. जुन्या सरकारी आदेशात 'देऊळ, पायऱ्यांसकट' असं लिहिलेलं. देवळाच्या दारात दोन पायऱ्या होत्या, त्या धरून सुनीलनं टेप सोडली. बांध, पाणंद, परत बांध. आक्कांचा मुलगा टेपचं टोक धरून चालत होता. शंभर मीटर संपले ते त्यांच्या घराच्या अलीकडे. नव्या खोलीच्या खुणेचे दगड गोलाबाहेर राहत होते, फार नाही, पण बाहेर.

"झालं," सर म्हणाले. "आक्का, परवानगीचा अर्ज करा. खोली हुतीया."

मुलगा हसत होता. मलाही एवढं बरं वाटलं की काय सांगू. आक्कांनी आम्हाला सोप्यात बसवून पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, आग्रह केला. आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा त्या दारात आल्या.

"सर, तुमी पायऱ्या धरल्या न्हाईसा."

"धरल्या की. दारातल्या दोन."

"त्या न्हवं. खालच्या."

त्यांनी गोठ्यातून खुरपं घेतलं आणि निघाल्या. आम्ही मागून. देवळाच्या पुढे त्यांच्याच घराच्या दिशेनं जमीन जरा उतरती होती आणि गवत माजलेलं. त्या बसल्या आणि माती उकरायला लागल्या. दगडाची सरळ कड दिसली. थोडं खाली सरकून परत उकरलं, दुसरी कड. तिसरी. घडीव दगड, देवळाच्याच जातीचे.

"हितं तळं हुतं," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवा ह्याच पायऱ्या उतरून धुणं धुवायला यायचो आमी बायका. तळं बुजलं, मग कुणी आलंच न्हाई हिकडं."

"आई, गप की," मुलगा हळूच म्हणाला. "लगीन तोंडावर आलंय."

सर तिथंच गवतात बसले. रुमालानं एक पायरी पुसली. मग म्हणाले, "आक्का, ह्या आदेशातल्याच पायऱ्या. नकाशात घेतल्या की हद्द फुडं येती आन् तुमची खोली परत गोलात जाती. ठावं हाय न्हवं?"

आक्कांनी खुरप्याची माती पदराला पुसली.

"खोली घरामागं परड्यात सरकवतो की आमी," त्या म्हणाल्या. "ह्या कुठं सरकणार?"