चुन्याचे ठिपके

माझ्या बातमीच्या छापून आलेल्या ओळीवर ते तर्जनी ठेवत, चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "बराबर आहे. पण समजलं काय?"

पहिल्या वाक्याने बरं वाटे. दुसऱ्याने सकाळ खराब होई.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या एका दैनिकाचा पांढुर्ण्यातला वार्ताहर होतो. ते सौसरला राहत आणि पांढुर्ण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला रोज बसने येत. विद्यार्थी चार होते, त्यांतला एक कायम गैरहजर. बस लवकर पोचे आणि तास उशिरा असे. मधला वेळ ते स्टँडजवळच्या माझ्या खोलीत पेपर वाचून काढत. मी त्यांना सर म्हणे, ते मला पत्रकार म्हणत.

एकदा मी बातमी दिली : बस नाल्यात उतरली, तीन जखमी. सरांचं बोट त्या ओळीवर आलं. "बराबर आहे. पण उतरली कायले?"

"ब्रेक लागला नाही, सर."

"हे तुमी ड्रायव्हरले विचारलं. नाल्याले विचारलं काय?"

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो चुकीचा नसतो, म्हणून त्याला घालवता येत नाही. वीज मंडळाचा लाइनमन खांबावर चढून तार जोडत होता. खालून सरांनी विचारलं, "झालं काय होतं, ते समजलं काय?" लाइनमन वरूनच म्हणाला, "लाइट आली ना सर, आता घरी जा ना." सर गेले नाहीत. तो उतरेपर्यंत उभे राहिले आणि त्याच्यासोबत स्टँडपर्यंत विचारत आले.

मग कार्यशाळा निघाली. कॉलेजच्या संस्थेला चार विद्यार्थ्यांचा विषय बंद करायचा होता. प्राचार्यांनी अध्यक्षांकडून एक संधी मिळवली. सरांनी बाहेरची मंडळी बोलवावी आणि दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. दुसऱ्या दिवशी चार वाजता अध्यक्ष समारोपाला येतील, काम पाहतील आणि मग ठरवतील.

"विषय काय?" मी विचारलं.

"विज्ञानात समजणं अन् दाखवणं. नकाशा, आलेख, सूत्र हे सारं दाखवणं झालं. दाखवता आलं म्हणजे समजलं काय? अन् समजलं असून दाखवता नाही आलं, तर?"

"हे मी बातमीत कसं घालू?"

"तेच तर मी विचारून राहिलो."

नागपूरहून तीन प्राध्यापक आले. पहिला दिवस नीट गेला, म्हणजे कोणाला काही कळलं नाही आणि चहा वेळेवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी रामाकोना गावचे नत्थूजी उभे केले. संत्र्याची बाग व्यापारी झाडावर फळं असतानाच घेतात. झाडाला किती फळ आहे, हे आधी कोणीतरी नजरेने सांगावं लागतं. नत्थूजी ते सांगत. त्यांचा अंदाज चुकत नाही, असं व्यापारी आणि बागवाले दोघंही म्हणत.

सरांनी त्यांच्या हातात खडू दिला. "तुमी झाडात काय पाहता, ते फळ्यावर काढा."

नत्थूजींनी खडू उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावर ठेवला. "सर, झाड दाखवा. सांगतो. हे तर फळा आहे."

एक प्राध्यापक हसले आणि म्हणाले, यात सिद्ध काय झालं? आकडा खरा निघतो, हे तरी कोणी तपासलं आहे? सर म्हणाले, "चला मग."

मी घड्याळ दाखवलं. "सर, चार वाजता अध्यक्ष आहेत."

"दोनपर्यंत येतो ना."

ट्रॉलीत सतरंजी टाकून ट्रॅक्टर तिगावकडे निघाला. एका बागेत नत्थूजींनी एका झाडाभोवती पूर्ण फेरी मारली, दोनदा खाली वाकले आणि म्हणाले, "साडेआठशे." प्राध्यापकांचे अंदाज पाचशे ते बाराशे. मोजायला फळं तोडावी लागणार होती आणि बागवाला तोडू देईना. "तोडणीले आठ दिवस आहेत अजून. दुरून पाहा तुमी."

सरांनी नत्थूजींकडून चुन्याची डबी मागून घेतली. मोजलेल्या प्रत्येक फळाला बोटाने ठिपका लावायचा. डॉक्टरेट झालेली तीन माणसं संत्र्याच्या झाडाला चुना लावत होती. शिडी एकच. काट्यांनी बाह्या फाटल्या, आकडा दोनदा चुकला, दोनदा पहिल्यापासून सुरू झाला. नत्थूजी बांधावर बसून म्हणत होते, "आत पाहा, आत. मी दिसते ते मोजतच नाही. झाडानं लपवलं किती, ते पाहतो."

साडेतीन वाजता मी एकाच्या लुनावर बसून निघालो. "सर, चला," म्हणालो. "झालंच," ते शिडीवरून म्हणाले.

सभागृहात अध्यक्ष होते, प्राचार्य होते, हार होता आणि दोन विद्यार्थी होते. अध्यक्ष अर्धा तास बसले. मग हार टेबलावर ठेवून गेले. ट्रॅक्टर सव्वापाचला आला. आकडा आठशे दहा निघाला होता. "चाळीसचा फरक पडला, पण माणूस चांगला आहे," असं म्हणत प्राध्यापक गाडीला गेले.

मी बातमी पाठवली. शीर्षक होतं, 'पाहुणे संत्र्याच्या बागेत, समारोपाचे सभागृह रिकामे'. सात ओळी. वेळ, ठिकाण, हजेरी, सगळं तपासलेलं. नत्थूजींचं नाव सातव्या ओळीतही नव्हतं.

संस्थेच्या बैठकीत प्राचार्यांनी ते कात्रण वाचून दाखवलं. विषय बंद झाला.

पण त्याआधी, बातमी आली त्या सकाळी, सर नेहमीसारखे खोलीत आले होते. ओळीवर बोट ठेवलं, चष्मा वर ढकलला. "बराबर आहे," म्हणाले. मी दुसऱ्या वाक्याची वाट पाहिली. त्यांनी पेपरची घडी केली, चहा प्यायला आणि तासाला गेले.

मे महिन्यात त्यांनी सौसर सोडलं. दूरच्या एका शाळेत लागले, असं ऐकलं.

पुढच्या हंगामात मी संत्र्याच्या बातमीसाठी तिगावला गेलो. नत्थूजी त्याच झाडाखाली भेटले. मी सहज म्हटलं, "त्या वेळी तुमचे चाळीस चुकले."

"चुकले नाही ना भाऊ. आतल्या फांद्याईले होते. ठिपका नव्हता लागला. सरानं पाहिले होते."

"मग लावला का नाही?"

"मी म्हटलं तेच, सर, हे राहिले. तर म्हणे, राहू द्या नत्थूजी. आकडा जुळला तर हे लोक म्हणतील, समजलं."

तेवढा आकडा जुळला असता, तर मंडळी कदाचित प्राचार्यांना सांगायला थांबली असती. कदाचित मीही आठवी ओळ लिहिली असती. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"तुमी सांगा आता, किती हायेत?" नत्थूजींनी विचारलं.

मी झाडाभोवती पूर्ण फेरी मारली, दोनदा वाकलो. "सातशे."

त्यांनी वर पाहिलं. "बराबर आहे," म्हणाले.

पुढचं विचारणारं तिथे कोणी नव्हतं.