म्हसोबाची वाटी आन् भाऊसोतात्या

भाऊसोतात्याचं त्वांड म्हंजे गटार हाय. हे मी त्येच्या म्होरंच सांगते, मागं न्हाई. सकाळच्या पारी दुसऱ्याच्या दारात येऊन "मेला न्हाईस व्हय अजून?" असं इचारणारा आमच्या वाडीत ह्यो एकटाच माणूस. आन् तरीबी बायका त्येला घरात घिऊन च्या पाजत्यात. माज्या घरात तर त्येचा कप येगळा ठिवलाय, कारण बारक्या कपातनं दिला की "हे काय पोराचं औषध पाजतीस व्हय" म्हणून बोंब मारतो.

तात्या मेंढरामागचा माणूस. जतकडचं आमी समदं मेंढरामागचंच, पर आता कुणी डाळिंब लावली, कुणी सांगलीला वॉचमन झालं. तात्या जवान हुता तवा उन्हाळ्यात कळप घिऊन कृष्णाकाठाला जायचा. बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्येंनी बदल्यात धान्य दिलं की ते इकायचं आन् प्यायचं. एकदा परतीच्या वाटंला ह्यो गडी वड्यात आडवा झाला, त्यो उठलाच न्हाई. मेंढरं आपली आपण घरला आली. त्येची बायकू रंगुबाई दारात हुबी. मेंढरं आली, कुत्रं आलं, सामानाचं घोडं आलं, मालक न्हाई. लोकं म्हणाली, चला शोधाय जाऊ. रंगुबाई म्हणाली, कशाला, कामाचं समदं आलंय की.

ही गोष्ट तात्या सोताच सांगतो आन् पयला त्योच हसतो. रंगुबाई आता न्हाई, पर तिनं मरायच्या आधी काही वर्षं नवरा शुद्धीत बगितला, तेवढं सुख तिला मिळालं. त्येला मेव्हण्यानं धरून सांगलीला नेला हुता. तिथं एका शाळंच्या खोलीत दारू सोडलेली माणसं गोल करून बसत्यात, आन् एकेक जण उठून सांगतो, मी अमका, मी बेवडा. तात्याला वाटलं, ही काय नवी तऱ्हा, घरात फुकट मिळायची ती इज्जत हितं एसटीचं तिकीट काढून घ्यायची. तेवढ्यात एक रिटायर मास्तर उठला आन् म्हणाला, मी वर्गातल्या कपाटात खडूच्या खोक्यामागं क्वार्टर ठिवायचो. तात्या म्हणतो, तवा मला लय बरं वाटलं, माज्यापरास हरामी माणूस जगात हाय म्हणून. दुसऱ्या आठवड्याला त्यो आपणहून गेला.

मग त्येनं तसलंच बसणं वाडीत चालू केलं. पाण्याचा टँकर हुबा ऱ्हातो तिथल्या लिंबाखाली. पाच-सहा पिणारी, मधी तात्या, आन् कोऱ्या च्याची किटली. आमी बायका त्येला बेवड्यांची ग्रामसभा म्हणायचो. नावं ठिवायला आमाला काय लागतंय.

आता आमचं मालक. नवऱ्याचं नाव घिऊ न्हाई म्हणत्यात, पर माज्या नवऱ्याचं नाव ढाबेवाल्यापास्नं पोलीस पाटलापतोर समद्यांनी घेतलंय, मीच का मागं ऱ्हाऊ. बिरदेव. कामाला वाघ, ट्रॅक्टर चालवावा तर ह्येनंच, पर संध्याकाळ झाली की पाय ढाब्याकडं. शेवटी डोळं पिवळं झालं, पोट फुगलं. सांगलीच्या डॉक्टरनं मला बाजूला घिऊन सांगितलं, "बाई, हितनं म्होरं ह्येंच्या पोटात दारू गेली तर मग माज्याकडं आणू नका, काय उपेग न्हाई." माजी सृष्टी बारावीला हुती. घरी येईपतोर एसटीत मी खिडकीकडं त्वांड करून बसले, रडलेलं ह्येला दिसू ने म्हणून.

ह्येच्या आयनं लगोलग ह्येला बिरोबाच्या देवळात न्यायचं काढलं, भंडारा उचलाय. भंडारा उचलून शपथ घ्यायची, सोडली म्हणायची. तात्या आडवा आला. "अजाबात न्हाई. आदी किती वेळा उचललाय त्येनं? दरवक्ताला शपथ मोडली, आन् मग आता द्येव कोपलाच हाय तर पिऊनच घ्यावी म्हणून दुप्पट प्याला. द्येवाला ह्यात घालू नगा, त्येला दुसरी कामं हायत."

"मग काय करायचं?" म्हातारीनं इचारलं.

"कायबी न्हाई. प्यावी वाटली की ह्येनं मला फोन करायचा. मी येतो."

आन् त्यो यायचा. त्येची ती खटारा मोपेड लांबनंच ऐकू यायची. येऊन उपदेश न्हाई, काय न्हाई. ढेकळावर बसायचा आन् मेंढरांचं बोलत सुटायचा. कुठल्या मेंढीला कवा लाळ्या झाला, कुठला बकरा कुणाच्या विहिरीत पडला. त्या बकऱ्याला विहिरीतनं वर काढंपतोर बिरदेवाला झोप लागायची. मी एकदा म्हटलं, "आवं तात्या, तुमचं ऐकण्यापरास माणूस पिऊन मरंल." तर म्हणाला, "पोरी, त्येला कट्टाळा आला पायजे. प्यायची हुक्की कट्टाळ्याम्होरं लय टिकत न्हाई." खरं-खोटं त्येलाच म्हाईत, पर बिरदेवाच्या डोळ्यातला पिवळेपणा गेला, भाकरी जाऊ लागली. मी घरात हसाय लागले. आन् मग आखाड आला.

आखाडात आमच्या भावकीची म्हसोबाची जत्रा असती. म्हसोबाला बकरं लागतं आन् दारू लागती. थोरल्या घराचा मान आमचा. थोरल्या घरच्या माणसानं द्येवाच्या दगडावर दारूची धार धरायची, उरलेली पितळंच्या वाटीत वतायची आन् समद्या भावकीदेखत सोता प्यायची. मग बकरं कापायचं. द्येवाची वाटी भरलेली खाली ठिवायची न्हाई, परसाद हाय म्हणून सांडायची न्हाई, आन् थोरल्या घरानं प्याली न्हाई तर मान धाकल्या घराला जातो. धाकल्या घरचा जयराज, ह्येचा चुलतभाऊ, तोंडानं दादा दादा म्हणायचा आन् कवाधरनं त्या मानावर टपून बसलेला.

मी म्हटलं, मान जाऊ दे. बिरदेव खवळला. "माज्या बानं सांभाळलेला मान मी घालवू? वाटीभर तर हाय. द्येवाची हाय ती, ती बाधत न्हाई."

मी म्हटलं, बाटलीत कोरा च्या भरूया, रंग सारखाच दिसंल. तात्या तिथंच बसलेला, त्येनं इचार केला. "द्येवाला कळणार न्हाई," म्हणाला, "पर भावकीला वासावरनं कळंल. त्येंची नाकं द्येवापरास तयार हायत." मग बिरदेवाच्या पाठीवर थाप टाकून म्हणाला, "जा तू. मी बाजूला हुबा ऱ्हातो."

हितं तात्या चुकला. माणूस ढाब्यावरनं वढून आणता येतो, पर म्हसोबाम्होरनं, भावकीच्या मधनं, त्येच्या बाच्या मानावरनं कसा वढणार? मला त्या रातीला अन्न गेलं न्हाई.

जत्रंदिवशी दुपारी समदी माळावर जमली. म्हसोबा म्हंजे शेंदूर फासलेला दगड, ना देऊळ ना छप्पर. माणसं म्होरं, आमी बाया मागं. बिरदेवानं नवं धोतर नेसलेलं, डोक्याला पिवळा पटका. त्येनं बाटली उघडली, धार धरली. वारं आमच्याकडं हुतं, वास आला आन् मी पदर नाकाला लावला. उरलेली वाटीत वतली, वाटी उचलली आन् व्हटापतोर नेऊन थांबला.

"घे की," ह्येचा चुलता म्हणाला. "बकरं ताटकळलंय."

मी बिरदेवाकडं बगतच न्हवते. मी तात्याकडं बगत हुते, ह्यो आता काय करतोय म्हणून. तात्याची नजर वाटीला चिकटलेली. जीभ व्हटावरनं फिरली, गिळल्यावानी गळा हालला. एवढी वर्षं झाली सोडून, तरी. म्हंजे ह्या माणसाची कवाच सुटलेली न्हवती. रोज उठून त्यो सोडत हुता, आन् वर आमच्या दारात येऊन शिव्या देत हुता.

तात्या म्होरं झाला आन् हात म्होरं केला. "दे हिकडं. मी पितो."

भावकी वरडाय लागली, तुजा काय संबंध, तू कुठल्या घरचा. तात्याला ते ऐकूबी येत न्हवतं. "दे रं गड्या. माजं काय, रंगुबाई गेली, मेंढरं गेली. तुजी पोरगी बारावीला हाय."

बिरदेवानं वाटी छातीशी धरली. "न्हाई देणार तात्या."

"येडेपणा करू नगंस."

"तुमी प्याला आन् परत लागली तुमाला, तर मी फोन कुणाला करू?"

तात्याचा हात तसाच ऱ्हायला. दोघंबी वाटीकडं बगत हुबी, ना पिता येतंय ना सोडता येतंय, आन् दोघांच्याबी डोळ्यांत पाणी. जयराज लगीच म्होरं सरकला. "दादा, जमत नसंल तर द्या. आमी हायच की."

ते ऐकलं आन् माजं डोस्कंच फिरलं. पदर खोचला, बायांतनं वाट काढली आन् सरळ जाऊन बिरदेवाच्या हातातनं वाटी घेतली. एकच गलका. बाईनं वाटीला हात लावला, म्हसोबा कोपंल, पाऊस जाईल. मी म्हटलं, "पाऊस हितं असतो कवा? थोरल्या घरानं प्यायची ना? मी त्या घरात अक्षता पडून आलीय, पळून न्हाई आले." आन् डोळं मिटून घटाघटा प्याले.

आईशप्पत सांगते, असली घाण मी जन्मात तोंडात घातली न्हवती. नाकातनं जाळ निघाला, घशातनं पोटापतोर चरचरत गेलं, डोळ्यांतनं पाणी आलं. खोकून खोकून मी वाकले. तात्यानं माजा दंड धरला. आन् खोकला थांबला तसा राग आला, लय राग आला. ह्या घाणीसाठी व्हय? ह्येच्यासाठी माजी जोडवी गेली, ह्येच्यासाठी पोरगी शाळंत खाली मान घालून बसली? दरवक्ताला ह्येचं कारण येगळं असायचं. डाळिंबावर तेल्या रोग पडला म्हणून, बा मेला म्हणून, आन् काय न्हाई मिळालं तर तू टोचून बोलतीस म्हणून. मीबी ते खरं धरलं हुतं. गप बसून बगितलं, ग्वाड बोलून बगितलं, तरी त्यो प्यायचाच, आन् मी आपली माजंच काय चुकतंय ते शोधायची.

मी मोकळी वाटी ह्येच्या छातीवर दाबली आन् समद्यांदेखत इचारलं, "ह्येच्यासाठी व्हय रं?"

तात्यानं बिरदेवाकडं बगितलं. बिरदेवानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"व्हय," त्यो म्हणाला. "ह्येच्यासाठीच. तुजं काय चुकलं न्हवतं."

मी तिथंच मातीत बसले आन् समद्या भावकीम्होरं मोठ्यानं रडले.