काळ्याच्या कातडीतले जंत आणि साबळे मॅडम

साबळे मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझे नावही विचारले नाही. नांदूरघाटच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू होण्यासाठी मी बीडहून एसटीने आलो होतो. दवाखान्याच्या अंगणात डॉ. सुनंदा साबळे जमिनीवर बसून एका कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी चिमट्याने काढत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “नवे डॉक्टर ना तुम्ही? बरे झाले आलात. हा कान धरा.” इस्त्रीचा शर्ट घातलेला मी कान धरून बसलो. गोचीड बोटांनी चिरडायची नाही, तोंडासकट ओढून स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, हा त्यांनी दिलेला माझा पहिला धडा.

आमच्या दवाखान्याचे मुख्य काम गाई-बैल आणि शेळ्यांचे. कुत्र्या-मांजरासाठी डॉक्टरकडे यायचे लोकांच्या मनातही येत नसे. मॅडमचा शिरस्ता मात्र वेगळा होता. बैल दाखवायला आलेल्या माणसामागून त्याचे कुत्रे आले, तर बैलाबरोबर त्यालाही तपासल्याशिवाय त्या सोडत नसत. त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आणि सगळ्या आठवणी मागे सारून एक उन्हाळाच पुढे आला. अजूनही त्याविषयी बोलताना माझा आवाज चढतो, असे घरचे म्हणतात.

ऊसतोडीचा हंगाम संपवून गावातली कुटुंबे परतली होती. त्यांतले किसनराव आणि रुक्मिणबाई आपला काळ्या नावाचा कुत्रा घेऊन आले. त्याच्या मानेवरचे केस गेले होते, कानामागे जखमा होत्या आणि खाजवून खाजवून तो हैराण झाला होता. “लूत लागली म्हणून जळकं ऑइल चोपडलं,” किसनराव म्हणाले, “पर कमीच व्हईना. लई खाजवतंय.” मॅडमनी ते ऑइल आधी साबणाने धुऊन काढले. मी कातडी खरवडून पाहिली, लुतीचे किडे नव्हते. रक्त तपासले, तेही स्वच्छ. अशी आणखी कुत्री येऊ लागली आणि आम्ही दोघे कोड्यात पडलो.

त्यातच गावात दोन लेकरांच्या अंगावर फोड आले. कुत्र्यांपासूनच आले, अशी आवई उठली. सरपंचांनी निरोप पाठवला, की सगळी खाजरी कुत्री गाडीत घालून लांब डोंगरात सोडून द्यायची, गाडी उद्या येईल. मॅडम तडक त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, “गाडी परवा बोलवा. उद्याचा दिवस मला द्या.” सरपंच नाइलाजाने कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्याच्या मानेवरची जागा बधिर करून मॅडमनी मसुरीच्या डाळीएवढा कातडीचा तुकडा घेतला. “रक्तात नाही म्हणून कुठेच नाही, असे कशाला धरायचे?” एवढेच बोलल्या. तुकडा कोमट सलाइनमध्ये ठेवला. आम्ही चहा घेतला, गाई तपासल्या. मग त्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. भिंगाचा स्क्रू थोडा मागेपुढे केला आणि हळूच म्हणाल्या, “इकडे या. लवकर या.”

मी पाहिले. थेंबात बारीक, काचेसारखे पारदर्शक जंत वळवळत होते. एक नव्हे, अनेक. कातडीत राहणारे आणि रक्तात न दिसणारे. मॅडमनी माझे मनगट घट्ट धरले होते. दुपारी काळ्याच्या अंगावरच्या गोचिडी काचेवर सुईने फोडून पाहिल्या, तर एका गोचिडीच्या पोटातही तसलीच, पण जाडसर अळी निघाली. त्या दिवशी जेवणाची आठवण दोघांनाही राहिली नाही.

संध्याकाळी मॅडमनी मायक्रोस्कोप ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मांडला आणि आधी सरपंचांनाच बोलावले.

“आरं, हे तर नाचायलंय,” सरपंच डोळा न काढता म्हणाले. “मग बाई, हे आमच्या पोरांच्या अंगात बी जाईल की.”

“कुत्र्याला हात लावून जात नाही,” मॅडम म्हणाल्या. “आजारी कुत्र्याला चावलेली गोचीड दुसऱ्या कुत्र्याला चावली, की हे जंत त्याच्यात जातात. आमच्या वाचनात तरी तसेच आहे. नेमकी जात ठरवायला नमुना पशुवैद्यकीय कॉलेजला पाठवते आहे. मुलांच्या फोडांचे मी सांगणार नाही, ते माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. पण गोचीड वाईटच, ती माणसालाही चावते. गाडी करून कुत्री नेलीत, तरी गोचिडी भिंतीच्या फटींत राहतील.”

मागे उभ्या असलेल्या रुक्मिणबाई पुढे आल्या. “आमी फडात ऊस तोडीत असतो तवा पाचटाच्या कोपीत लेकरं एकटी ऱ्हातात. काळ्या त्यांच्यापासून हालत न्हाई. त्याला काहून सोडायचं, सांगा.”

सरपंचांनी तिथूनच गाडीवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. गाडी आली नाही.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी गोठ्यांच्या भिंती लिंपून घेतल्या, औषध फवारले, कुत्र्यांना गोचिडीचे आणि जंतांचे औषध दिले. मुलांचे फोड घामोळ्यांचे निघाले. कॉलेजच्या प्राध्यापकांनी जंत तेच, गोचिडीतून पसरणारे, असे कळवले तेव्हा मॅडमनी दवाखान्यात पेढे वाटले. सरपंचांच्या आईंना आपल्या मांजरीची धास्ती वाटत होती. मॅडमनी तिचीही कातडी तपासली, काही सापडले नाही. “मांजरांत हे क्वचितच,” त्या आनंदाने म्हणाल्या, “आणि नाही हेसुद्धा उत्तरच आहे.” काळ्याच्या मानेवर दिवाळीपर्यंत काळेभोर केस आले.

त्याच वर्षी पावसाळ्यात मला कावीळ झाली. मी भाड्याच्या खोलीत एकटाच. मॅडम स्वतः मऊ भात घेऊन यायच्या, खाऊन होईपर्यंत समोर बसायच्या आणि माझ्या वाट्याची गावेही फिरून यायच्या. त्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मी केला तर विषय बदलतात, म्हणून तो इथे लेखी करून ठेवतो.

आता मॅडम बीडजवळच्या पालीला राहतात. निवृत्त झाल्या, तरी त्यांच्या दारात रोज कोणाचे तरी जनावर बांधलेले असते. साठीच्या या समारंभाचे आमंत्रण द्यायला मी रुक्मिणबाईंना फोन केला. त्या ऊसतोडीसाठी कारखान्याच्या वाटेवर होत्या, येणे जमणार नव्हते. त्यांनी निरोप दिला, तो जसाच्या तसा मॅडमपुढे ठेवतो. आम्हा सगळ्यांच्या मनातलेही तेच आहे: “बाईला म्हणावं, वेळेवर जेवत जा, गुडघ्याला तेल लावत जा. आमच्या नातवंडांची जनावरं बी तुमीच बघायची हायत. त्याच्या आत आमी तुमाला कुठं जाऊ देत न्हाई.”