बाबांचा शेवटचा तास

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही, कारण ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेरच पडलेली नाही. नवरा त्या दिवशी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, त्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नाहीतर मी कसली बोलतेय?

लॉकडाउनच्या पहिल्या वर्षी बाबा आमच्याकडे नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला अडकले. ट्यूलिप बघायला म्हणून आले आणि विमानंच बंद झाली. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलेला म्हातारा मास्तर. घरात कोंडल्यावर करणार काय? त्यांनी माझ्या अकरा वर्षांच्या ईशानला धरलं. ईशानची इंग्रजी शाळा तेव्हा लॅपटॉपवर भरायची आणि बाईंनी वर्गाला साम्राज्यांवर प्रकल्प दिला होता. बाबांचा तर हातखंडा विषय — ब्रिटिश सत्तेचा उदय आणि अस्त.

त्यांची पद्धत ठरलेली. जगाचा कोरा नकाशा घ्यायचा आणि इंग्रज जसजसे पसरले तसतसा एकेक मुलूख गुलाबी पेन्सिलीनं रंगवायचा. आधी किनाऱ्यावर वखारींचे ठिपके, मग बंगाल, मग आमचा सातारा, मग आफ्रिका. कागद गुलाबी झाला की उलटा प्रवास, खोडरबर घेऊन एकेक देश पुसायचा. जेवणाच्या टेबलावर ईशान हिंदुस्थान पुसत बसला होता. रंग काही जाईना, कागद मात्र खरवडला.

"आजोबा, इट्स नॉट गोइंग."

"राहतंच थोडं," बाबा म्हणाले. "असू दे."

मी डिशवॉशर लावत होते. मला नुसतं कौतुक वाटलं.

आता ते दुसरं सांगायला हवं. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, असं आमची आत्या सांगायची. तिनं विषय काढला की बाबा उठून बाहेर जायचे. मी मात्र ती गोष्ट मिरवली. मराठी मंडळाच्या पंधरा ऑगस्टला सांगितली, आदल्या वर्षी ईशानच्या वर्गात जाऊन सांगितली, वर खादीची साडी नेसून. खरं मला माहीत नव्हतं का? होतं. आजोबा पोलिसात हवालदार होते, हे मला कॉलेजात असतानाच कळलं होतं. पण परक्या देशात स्वातंत्र्यसैनिकाची नात असणं किती छान दिसतं — हवालदाराच्या नातीला कोण विचारतो?

मग एके दिवशी ईशानच्या डच बाईंनी वर्गाला स्वतःच्या घरातलं सांगितलं. त्यांचे आजोबा डचांच्या ताब्यातल्या इंडोनेशियात सैनिक होते, तिथं जे केलं ते घरात कुणी बोलायचं नाही. तुमच्या आजीआजोबांपैकी कुणाला बोलायचं असेल तर जरूर बोलावं, असंही त्या म्हणाल्या. बाबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांचा चहा तसाच गार झाला.

"मी बोलतो," ते म्हणाले. मला वाटलं, नकाशाबद्दल बोलतील.

त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावून भांग पाडला. ईशान त्याच्या खोलीत टॅबलेटवर होता, कारण दोन यंत्रं एका ठिकाणी ठेवली की कर्कश आवाज यायचा. बाबा जेवणाच्या टेबलाशी माझ्या लॅपटॉपसमोर. त्यांना बटणं जमत नसत, म्हणून मी त्यांच्या मागे उभी होते.

नकाशा झकास झाला. मुलं हसली, बाई हसल्या. मग बाबांनी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं धड दिसत नसे.

"माय फादर," ते म्हणाले, "वॉज अ पोलीस हवालदार."

आणि मी हात पुढे केला. त्यांची शाल सारखी करावी तसा, खांद्यावरून. माइक बंद केला, कॅमेरा बंद केला, लॅपटॉपचा आवाजही बंद केला. फोनवरून बाईंना मेसेज केला की आमचं इंटरनेट गेलंय, तुम्ही पुढे चालू ठेवा.

बाबा बोलतच राहिले. त्यांच्या त्या मास्तरी इंग्रजीत, सावकाश. आळीतल्या शिंप्यानं झेंडा धरला होता आणि वडिलांनी लाठीनं त्याचा उजवा हात मोडला. सहा वर्षांचे बाबा ओट्यावरून बघत होते. तो हात पुन्हा शिवणाच्या मशीनवर चालला नाही. इंग्रज गेले तेव्हा वडिलांनी नव्या झेंड्याला कडक सलाम ठोकला आणि तो शिंपी समोर गर्दीत उभा होता. बाबांचे कपडे त्यानंतर शेजारच्या गावात शिवले जायचे. "साम्राज्य कसं गेलं ते मी आयुष्यभर शिकवलं," ते म्हणाले, "आमच्या घरात ते राहिलं होतं, ते कधी शिकवलं नाही."

हे सगळं त्यांनी बंद पडद्याला सांगितलं. ऐकणारी मी एकटी. झाकली मूठ सव्वा लाखाची — त्या क्षणी माझ्या मनात हेच होतं, दुसरं काही नाही.

शेवटी त्यांनी मुलांना हात जोडले. काहीही विचारा, म्हणाले. आणि वाट बघत बसले. त्यांची मान पाठीमागून किती बारीक दिसत होती…

"कुणी काही विचारतंय का गं?"

अजूनही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "नाही बाबा. सगळे गप्प आहेत."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काय विचारतील?"

ईशान धावत आला, "आई, आजोबा कट झाले! नोबडी हर्ड एनिथिंग!" मी त्याला जिन्याखालीच अडवलं. आजोबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल, म्हटलं. पोरानं मान डोलावली. मुलं अजून आजोबांची वाट बघताहेत, असा बाईंचा निरोप आला, तेव्हा बाबांना बरं नाही म्हणून कळवलं. खरं तर ते खिडकीत बसले होते. नकाशा त्यांनी पुन्हा उघडला नाही. पोरांच्या समोर यायचेच नाहीत. क्लास सुरू झाला की उठून आतल्या खोलीत जायचे, आत्यानं विषय काढल्यावर जायचे तसे.

विशेष विमान निघालं तेव्हा ते परत गेले. दुसऱ्या लाटेत, पुण्यात, गेले. आता ऑफिसच्या कॉलवर कुणी "यू आर ऑन म्यूट" म्हटलं की मी कॉलच बंद करून टाकते. त्याच टेबलाशी बसते मी अजून.

हॉस्पिटलमधून त्यांचा एकदा फोन आला होता. दम लागत होता. बोलताबोलता म्हणाले, "ईशानच्या वर्गातली ती मुलं… त्यांना माझा राग आला असेल, नाही का गं?"

मुलांनी ऐकलंच नाही बाबा, मी बंद केलं होतं — वाक्य तयार होतं. फोन स्वच्छ लागला होता, मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"विसरली असतील ती," मी म्हटलं.