वळणावरचा डावा हात

१६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी सातला पांढऱ्या पँटला इस्त्री करत होते. हॅनोव्हरमधल्या आमच्या पोहण्याच्या क्लबला स्पर्धेत जितकी मुलं उतरवायची, त्या प्रमाणात पालकांमधून पंच द्यावे लागतात, आणि पंचांनी पांढरे कपडे घालायचे. लेक तिथे पोहते, म्हणून मी छोटा कोर्स करून वळणावरची पंच झाले. लेनच्या टोकाला उभं राहायचं आणि पोहणारा भिंतीला कसा शिवतो ते बघायचं. ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम टेकले पाहिजेत. नाही टेकले, तर तो बाद.

त्या दिवशी माझ्या लेनमध्ये नेमका लेकीचा ट्रेनर आला. जपानी, वय तेहतीस. तिकडे विद्यापीठाकडून दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहायचा, राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला. मग खांद्याचं ऑपरेशन झालं, पोहणं सुटलं, नोकरीसाठी इथे आला आणि पुन्हा पाण्यात उतरला. जर्मनीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी लागणारी वेळ या वर्षात गाठायची, नाहीतर थांबायचं, असं त्याने आम्हा पालकांना सांगून टाकलं होतं.

सातव्या, म्हणजे शेवटच्या वळणाला त्याचा उजवा हात टेकला आणि डावा मागून आला. मी हात वर केला. तो पोहून आला, फलकावर हवी ती वेळ दिसली, क्लबची पोरं किंचाळली. मी चिठ्ठी लिहून मुख्य पंचांकडे दिली. पाच मिनिटांनी तो बाद झाल्याचं जाहीर झालं.

"ममा, तू कुणाच्या बाजूची आहेस?" लेकीने जर्मनमध्ये विचारलं.

"भिंतीच्या," मी मराठीत म्हटलं.

नवरा म्हणाला, "बाईसाहेब, आता पोरीला पोहायला कोण शिकवणार?"

"तुम्ही शिकवा. तुम्हाला बुडायचा तरी अनुभव आहे."

तेवढ्यात ट्रेनर स्वतःच टॉवेल गुंडाळून माझ्याकडे आला.

"शेवटचं वळण?"

"हो."

"डावा हात?"

"डावा."

"किती मागे?"

मी दोन्ही तळवे पुढे-मागे धरून अंतर दाखवलं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं तो म्हणाला. "दमलो की तो खांदा मागे राहतो. मला वाटायचं, कुणाला दिसत नाही." मग म्हणाला, "डिसेंबरात अजून एक स्पर्धा आहे. शेवटची. उद्या आठला याल?"

दुसऱ्या दिवशी आठला मी भिंतीपाशी उभी होते. आधी तो दमेपर्यंत पोहला, मग वळणं सुरू केली. प्रत्येक वळणाला मी "हो" किंवा "नाही" एवढंच म्हणत होते. सुरुवातीला सगळे "हो" होते. मग "नाही" यायला लागले. तासाभराने त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अजून?"

मी नवऱ्याला फोन करून नाश्ता करून घ्यायला सांगितलं आणि परत भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.